एका शेगडीवरचे बांगड्याचे कालवण

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत आहार विभागाच्या वतीने केलेले भाषण)



आहार विभागाची पाळी बहुधा जमाखर्च वाचून झाल्यावर येते आणि तोवर श्रोत्यांचे लक्ष जेवणाकडे लागलेले असते. आजचा माझा विषय जेवणाचाच असल्याने ती अडचण येऊ नये.

रुग्णाला घरी सोडताना नातेवाईक पहिला प्रश्न विचारतात तो पथ्याचा. पुष्कळदा आमचे उत्तर येण्यापूर्वीच घरात निर्णय झालेला असतो : मासळी बंद. मासे खाल्ले तर टाके पिकतात, जखम चिघळते, ही समजूत आपल्या किनाऱ्यावर फार घट्ट आहे. परिणाम असा होतो, की ज्या शरीराला झीज भरून काढण्यासाठी प्रथिनांची सर्वाधिक गरज असते, त्याच्या वाट्याला पेज आणि लोणचे येते. दुसरीकडे, उसनवारी करून प्रथिनांच्या भुकटीचा डबा आणला जातो. ज्यांना मासळीची अॅलर्जी नाही आणि ज्यांना डॉक्टरांनी मनाई केलेली नाही, त्यांची जखम ताज्या, नीट शिजवलेल्या मासळीने पिकत नाही. उलट, जखम भरण्यासाठी लागणारा माल तीच पुरवते.

येथे एक खुलासा करणे योग्य होईल. रुग्णालयाच्या मुदपाकखान्यातील अन्न शाकाहारी आहे आणि तसेच राहील. मी बोलतो आहे ते आवारातील नातेवाइकांच्या स्वयंपाकघराविषयी आणि आपापल्या घरच्या चुलीविषयी.

मध्यम आकाराचे चार बांगडे म्हणजे सुमारे अर्धा किलो. डोके, काटा, आतडी वजा जाता साधारण तीनशे ग्रॅम मांस हाती लागते. बांगड्याच्या शंभर ग्रॅम मांसात एकोणीस-वीस ग्रॅम प्रथिने असतात. चौघांत वाटले, तर प्रत्येकाला चौदा-पंधरा ग्रॅम, म्हणजे दोन अंड्यांहून थोडी अधिकच मिळतात. सुरमई-पापलेटाच्या मागे लागण्याचे काही कारण नाही. त्यांची किंमत आपण चवीसाठी आणि पाहुण्यांसाठी मोजतो. तारली बांगड्याहूनही स्वस्त पडते, परंतु तिचे बारीक काटे वृद्धांना आणि लहान मुलांना त्रास देतात. बांगड्याचा मधला काटा सहज सुटतो.

आता कृती. शेगडी एकच असेल, तर प्रथम भात शिजवून पातेले जाड कापडात गुंडाळून ठेवावे. दोन शेवग्याच्या शेंगांचे बोटभर तुकडे आणि एका मुळ्याच्या जाड चकत्या दीड-दोन वाट्या पाण्यात, किंचित मीठ व हळद घालून, झाकण ठेवून आठ-दहा मिनिटे शिजवाव्यात. मुळा नसेल तर लाल भोपळा चालेल, पण तो उशिरा घालावा. लगेच मऊ पडतो. भाजी शिजेपर्यंत अर्धी वाटी ओले खोबरे, चमचाभर धणे, अर्धा कांदा आणि भिजवलेल्या दोन ब्याडगी मिरच्या बारीक वाटाव्यात. घरी आपण पाच-सहा मिरच्या घालतो; रुग्णासाठी दोन पुरेत. रंग येतो आणि पोटही जळत नाही.

वाटण भाजीत घालून एक उकळी आली, की चार-पाच आमसुले आणि बी काढून किंचित ठेचलेली पाच-सहा तिरफळे टाकावीत. आमसुलाच्या आंबटपणामुळे मीठ कमी असले तरी जिभेला फारसे कळत नाही. रक्तदाबाच्या रुग्णांच्या घरी ही सोय मोठी आहे. बांगड्याचे तुकडे सर्वांत शेवटी सोडावेत. मंद आचेवर सहा-सात मिनिटे पुरतात. पळीने ढवळू नये, पातेलेच दोन्ही हातांनी धरून हलवावे, नाहीतर तुकडे मोडतात. मांस काट्यापासून सुटू लागले की आच बंद. तेलाचा थेंबही लागत नाही. पातेले मात्र स्टीलचे किंवा मातीचे असावे. आंबट कालवणाला अॅल्युमिनियम बरे नव्हे.

यात स्वयंपाकाचे कौशल्य थोडे आणि खरेदीचे फार आहे. संध्याकाळी बाजार उठताना भाव उतरतो आणि हात सैल सुटतो. उन्हात, बर्फाशिवाय पडून राहिलेल्या बांगड्यात हिस्टामिन नावाचा पदार्थ तयार होतो आणि कितीही उकळले तरी तो नष्ट होत नाही. चेहरा लाल होणे, डोके ठणकणे, अंगावर पुरळ उठणे ही त्याची लक्षणे. डोळे फुगीर, कल्ले लाल, पोट घट्ट आणि बोटाने दाबल्यावर मांस पुन्हा वर येणारे असेल, तरच घ्यावा. शंका आली तर त्या दिवशी वरण-भात खावा.

क्षयरोगाच्या रुग्णांच्या घरच्यांनी येथे विशेष लक्ष द्यावे. त्यांच्या औषधांत आयसोनियाझिड असते आणि ते शरीरातील हिस्टामिनचा निचरा मंदावते. म्हणून निरोग्याला जेवढे बाधणार नाही, तेवढेही त्यांना बाधू शकते. औषध चालू असेतो त्यांना बांगडा, तारली, कुपा देऊ नये, असे आमचे सांगणे आहे. कालवण मात्र सोडू नये : तीच भाजी, तेच वाटण, आणि मासळीऐवजी उकडलेली अंडी. निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १००० रुपये झाली आहे. ती रुग्णाच्या ताटात उतरावी. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी तर कोणतीही प्रथिने डॉक्टरांना विचारूनच वाढवावीत.

एक जून ते एकतीस जुलै या काळात यांत्रिक नौकांची समुद्रातील मासेमारी बंद असते. तेव्हा सुकी मासळी स्वस्त वाटते, पण खारवलेली असल्याने हृदयरोग्याच्या कामाची नाही. त्या दोन महिन्यांत अंडी आणि कुळीथ यांवर भिस्त ठेवावी.

देणगीदारांना एक विनंती. आपण आपुलकीने भुकटीचे डबे आणि फळांच्या करंड्या पाठवता, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. यापुढे त्याऐवजी नातेवाइकांच्या स्वयंपाकघरासाठी स्टीलची झाकणाची पातेली, एक वाटणयंत्र आणि मासळी ठेवण्यासाठी बर्फाची पेटी मिळाली, तर अधिक उपयोग होईल. सभेनंतर आम्ही तेथेच हे कालवण शिजवून दाखवणार आहोत. ज्यांचा रुग्ण या आठवड्यात घरी जाणार आहे, त्यांनी पुढे बसावे.