नशिबाला काम कोणतें द्यावें?



आज ज्या खेळाविषयीं मी बोलणार आहें, तो कित्येक घरांतून तरुण मंडळींच्या हातांतील फोनवर चाललेला असतो आणि वडील मंडळी त्याकडे कानाडोळा करीत असतात. 'फॉलआउट शेल्टर' हें त्याचें नांव. बेथेस्डा या अमेरिकन कंपनीनें १४ जून २०१५ रोजीं लॉस अँजेलिस येथें तो जाहीर केला आणि त्याच दिवशीं आयफोनवर खेळावयास खुला केला. अँड्रॉइडच्या फोनवर तो त्याच वर्षाच्या ऑगस्टांत आला. 'फॉलआउट' या मूळ खेळांची मालिका त्याहून बरीच जुनी, १९९७ पासूनची आहे. तिच्यावरून काढलेली चित्रमालिका २०२४ सालीं प्रसिद्ध झाली, तेव्हां ज्यांनीं असा खेळ कधीं हातांत धरला नव्हता त्यांच्याही कानांवर हें नांव गेलें.

कथानक थोडक्यांत असें. २०७७ सालीं अणुयुद्ध होऊन पृथ्वीची राखरांगोळी झाली, असें कल्पिलें आहे. त्यांतून वांचलेलीं माणसें डोंगराच्या पोटांत खोदलेल्या एका भुयारी निवाऱ्यांत राहतात. वीज, पाणी आणि अन्न तेथेंच निर्माण करावें लागतें. वस्ती वाढतां वाढतां दोनशें माणसांपर्यंत जाते. या सर्वांना कामें नेमून देणारा जो अधिकारी, तो म्हणजे आपण खेळणारे. त्याला खेळांत 'ओव्हरसीअर' म्हणतात. हा शब्द ऐकून ज्यांच्या डोळ्यांपुढें पब्लिक वर्क्स खात्यांतला, खडीचे ढीग मोजणारा गृहस्थ उभा राहिला असेल, त्यांची कल्पना अगदींच चुकलेली नाहीं. मोजमाप हें येथेंही मुख्य काम आहे.

मोजावयाचीं असतात तीं मात्र माणसें. प्रत्येक रहिवाशाच्या अंगीं सात गुण मानले आहेत आणि प्रत्येक गुणाला एकापासून दहापर्यंत आंकडा दिला आहे. ताकद ज्याची मोठी त्याला वीजघरांत घालावें. नजर बारीक त्याला पाणी शुद्ध करण्याच्या खोलींत. चपळ माणसाला भोजनगृहांत. बुद्धिमंताला दवाखान्यांत किंवा प्रयोगशाळेंत. चिवट माणसांसाठीं पुढें एका पेयाचा कारखाना निघतो. ज्याच्या बोलण्यांत मोहिनी आहे त्याची नेमणूक, हें सांगतांना मला थोडा संकोच होतो, नभोवाणीच्या खोलींत करतात. त्याचें बोलणें ऐकून बाहेरच्या ओसाड मुलखांतून नवीं माणसें दाराशीं येतात. असे सहा गुण आणि त्यांच्या सहा वाटा. सातवा गुण नशीब. त्याच्या बळावर माल निघेल अशी खोली त्या भुयारांत एकही नाहीं.

त्यामुळें नवख्या खेळाडूपुढें पहिल्याच आठवड्यांत एक अडचण उभी राहते. एखादी बाई दाराशीं येते; तिच्या इतर सर्व गुणांचे आंकडे एक-दोन, आणि नशिबाचा मात्र आठ. तिला बसवावयाचें कोठें? पुष्कळ जण तिला कोपऱ्यांत मोकळी ठेवतात आणि विसरतात. नशीब खेळांत नेमकें कोठें कामाला येतें हें ठाऊक नसल्यामुळें असें होतें, म्हणून तें जरा सविस्तर सांगतों.

पहिली जागा घाईची. कोणत्याही खोलीला नेहमीची वेळ भरण्यापूर्वींच माल काढावयास लावतां येतें. साधलें तर माल ताबडतोब हातीं येतो, वर कांहीं बुचेंही मिळतात. त्या जगांत बाटल्यांचीं पत्र्याचीं बुचें हेंच नाणें आहे. फसलें तर खोलीला आग लागते, किंवा किरणोत्सर्गानें कुत्र्याएवढीं झालेलीं झुरळें जमिनींतून वर येतात. फसण्याचा संभव शेंकडा किती, हा आंकडा बटण दाबण्यापूर्वीं समोर दिसतो. तो दोन गोष्टींवरून ठरतो: त्या खोलींतील माणसांचा त्या कामाला लागणारा गुण, आणि त्यांचें नशीब. दोन्हींची सरासरी धरतात. एकाच खोलीला लागोपाठ घाई केली तर धोका दरवेळीं चढत जातो आणि कांहीं वेळ थांबल्यावर पुन्हां उतरतो.

सरासरी या शब्दाकडे लक्ष द्यावें. मोठ्यांत मोठ्या खोलींत सहा माणसें मावतात. त्यांत दहा नशिबाचा एक आणि एक नशिबाचे पांच असले तर बेरीज पंधरा, सरासरी अडीच. दहाचे अडीच झाले. म्हणजे एका भाग्यवंताला आणून बसविलें कीं खोलीचें कल्याण झालें, ही समजूत साध्या त्रैराशिकापुढें टिकत नाहीं.

दुसरी जागा माल गोळा करण्याची. खोलीचा माल उचलतांना मधून मधून कांहीं बुचें जादा मिळतात, तीं नशीबवानांच्या खोलींत अधिक मिळतात. तिसरी जागा बाहेरच्या ओसाड मुलखाची. तेथें माणूस एकटा जातो, त्याच्या नशिबाला वाटेकरी नसतो, आणि बुचें व वस्तु सांपडण्याचा योग त्यामुळें वाढतो. मोहिमांतील लढाईंतही नशीब ज्याचें मोठें त्याला वर्मी घाव घालण्याची संधि लवकर येते. परंतु बाहेर जीव राहतो तो चिवटपणावर. ज्या ठिकाणीं नशिबाची किंमत सर्वांत अधिक, त्याच ठिकाणीं नुसत्या नशिबानें भागत नाहीं. आपल्या त्या आठ नशिबाच्या बाईला चिवटपणाचा आंकडा दोन असतांना बाहेर धाडली, तर बुचांनीं भरलेली थैली आणि प्रेत यांची खबर एकदमच येईल. बुचें मोजून तिला पुन्हां जिवंत करतां येतें हें खरें; ती सवलत खेळापुरती.

नशीब हा माणसाच्या अंगचा गुण धरून त्यावरून कामें वांटावयाचीं, ही कल्पना मोठी जुनी आहे. ख्रिस्तपूर्व ६६ मध्यें पाँपी यास पूर्वेकडील युद्धाचें सेनापतित्व द्यावें म्हणून सिसेरोनें रोम येथें भाषण केलें. उत्तम सेनापतीला चार गोष्टी लागतात, असें त्यानें त्यांत सांगितलें: युद्धकलेचें ज्ञान, शौर्य, दरारा आणि चौथी भाग्य. पाँपी आजवर जिंकत आला, त्याअर्थीं तो भाग्यवान. आणि भाग्यवान म्हणून पुढेंही जिंकेल, अशी त्या भाषणांतील विचारसरणी होती. त्याच्या थोडा आधीं होऊन गेलेल्या सुल्लानें तर 'भाग्यवान' या अर्थाची पदवीच आपल्या नांवाला जोडून घेतली होती. पाँपीला नेमणूक मिळाली, विजयही मिळाले. पुढें ख्रिस्तपूर्व ४८ मध्यें सीझरकडून पराभव पावून तो मिसरच्या किनाऱ्याला लागला, आणि तेथें पाऊल ठेवतांच मारला गेला. अठरा वर्षांपूर्वीं ज्याला त्याचा गुण म्हटलें होतें, तो त्या दिवशीं कोठें गेला, याचें उत्तर सिसेरोच्या यादींत सांपडत नाहीं.

आपल्या घरांतही ही यादी आहे. तिला आपण पायगुण म्हणतों. सून आली त्या वर्षीं धंद्याला बरकत आली तर ती लक्ष्मीच्या पावलांनीं आली. त्याच वर्षीं सासऱ्यांची बढती हुकली, किंवा दीर आजारी पडला, तर तीच पोर पांढऱ्या पायांची ठरते. शिकल्यासवरल्या घरांत हें कोणी मोठ्यानें बोलत नाहीं; पण स्वयंपाकघरांत कुजबुजतात, आणि जिच्याविषयीं कुजबुजतात तिला तें ऐकूं जातें. लक्ष्मी म्हणून जिचें कौतुक झालें तीही सुखांत असते असें मला वाटत नाहीं, कारण पुढच्या वर्षींची खोट तिच्याच नांवावर मांडली जाणार असते.

खेळांत आणि या पायगुणांत एक फरक आहे, आणि त्यासाठींच मीं हा विषय घेतला. खेळांत नशिबाचा आंकडा आधीं दिसतो. वीस टक्के धोका आहे हें पाहून आपण बटण दाबतों, आणि आग लागली तर ती त्या विसांतली असते. खोलींत कालच आलेल्या पोरामुळें ती लागली, असें म्हणण्यास जागा राहत नाहीं. त्याच्या वाट्याचें जें कमीअधिक, तें सरासरींत आधींच धरलें होतें, आणि बटण दाबणारे आपण होतों. घरांत उलट चालतें. आधीं आग लागते आणि मागाहून कोणाच्या तरी कपाळावर आंकडा लिहिला जातो.

आणखी एक. या खेळांत नशीब वाढवितां येतें. त्यासाठीं खेळघर नांवाची एक खोली बांधावी लागते. तीही बरीच उशिरा, वस्ती वाढल्यावर मिळते. एक नशिबाचा माणूस तेथें बसविला तर हळूहळू दोन, तीन, शेवटीं दहापर्यंत जातो. वरच्या प्रत्येक पायरीला वेळ अधिक लागतो इतकेंच. खेळांत वेळ घालवून नशीब सुधारतें, हें आमच्या वडिलांना पटलें नसतें! पण ओव्हरसीअरच्या दृष्टीनें ही सोय मोठी आहे. कमी आंकड्याच्या रहिवाशाला दाराबाहेर घालविण्याचें बटणही या खेळांत आहे, आणि कित्येक खेळाडू तें सर्रास वापरतात. मला तें खेळांतसुद्धां आवडत नाहीं. ज्याला शिकवितां येतें त्याला हाकलण्यांत शहाणपण कसलें?

तेव्हां आपल्या त्या बाईची व्यवस्था मी अशी लावीन. वस्ती लहान आहे तोंवर तिचा दुसरा जो गुण त्यांतल्या त्यांत बरा असेल, त्या खोलींत तिला घालावें. नशीब तेथें हातभार लावील, पण पोट भरण्याचें काम ताकद आणि चपळाई यांवरच सोपवावें. मग फुरसत होईल तसें वीजघरांतील सहाही जणांना पाळीपाळीनें खेळघरांत धाडावें, म्हणजे सरासरी एकटीच्या जिवावर राहणार नाहीं. तिला बाहेर धाडावयाचें असेल तर आधीं चिवटपणाचें शिक्षण पुरें करावें आणि बरोबर औषधें द्यावीं. एखादे रात्रीं पाणी संपत आलें, घाई केल्यावांचून गत्यंतर नाहीं आणि आंकडा तीस टक्के दाखवीत आहे, अशी वेळ येतेच. तेव्हां सहाजणांच्या हातांत बंदुका आहेत कीं नाहींत, हें पाहून मगच बटण दाबावें.