अंगच्या मापाची बंदूक

'नाचता येईना, अंगण वाकडे' ही म्हण आळशी माणसाच्या सबबीवर नेमके बोट ठेवते. पण क्वचित अंगणही खरोखरीच वाकडे असते. छऱ्यांची बंदूक चालवावयास शिकणाऱ्यांच्या बाबतीत तर असे वारंवार घडते. नेम चुकला की शिकणाऱ्याला ऐकविले जाते, 'तुझे लक्ष नाही', 'तू धक्क्याला भितोस', 'चाप ओढताना डोळे मिटतोस'. तो बिचारा स्वतःलाच दोष देत राहतो, खांदा काळानिळा करून घेतो आणि काही महिन्यांनी तो नाद सोडून देतो. त्याच्या हातातील बंदुकीचा दस्ता त्याच्या अंगाला दोन सेंटिमीटर लांब होता, एवढी साधी गोष्ट कोणी मोजून पाहिलेली नसते.

दोन सेंटिमीटरांनी एवढे काय बिघडते, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर या बंदुकीच्या स्वभावातच आहे. रायफलीला दोन खुणा असतात. एक नळीच्या तोंडाशी असलेली माशी, आणि दुसरी डोळ्याजवळची खाच अथवा छिद्र. या दोन्ही खुणा जुळवून, श्वास रोखून, सावकाश नेम धरता येतो. छऱ्यांच्या बंदुकीला तोंडाशी लहानशी माशी असते, पण मागची खुण नसते. उडत्या लक्ष्यावर ती रोखावयाची असल्यामुळे खुणा जुळवीत बसण्यास वेळच नसतो. मागच्या खुणेचे काम नेमबाजाचा डोळाच करतो. हा डोळा प्रत्येक वेळी नळीच्या मध्यरेषेवर, त्याच उंचीवर आणि त्याच जागी यावयास हवा. त्याला तेथे आणून ठेवतो तो दस्ता. दस्त्याचे बूड खांद्यात बसते, त्याची वरची कड गालाला भिडते, आणि गाल जेथे टेकेल तेथे डोळा राहतो. म्हणजे दस्ता हा बंदूक धरण्याचा केवळ दांडा नव्हे; तो नेमाच्या यंत्राचा अर्धा भाग आहे.

याचा हिशेब सोपा आहे. डोळ्यापासून नळीच्या तोंडापर्यंतचे अंतर सुमारे १ मीटर धरले आणि लक्ष्य ३५ मीटरांवर आहे असे मानले, तर डोळ्याच्या जागी पडलेला फरक लक्ष्याशी ३५ पटींनी वाढतो. डोळा अवघा ३ मिलिमीटर वर राहिला, तर छऱ्यांचा मारा सुमारे साडेदहा सेंटिमीटर वर जातो. स्पर्धेतील मातीच्या तबकडीचा व्यास ११ सेंटिमीटर असतो. तांदळाच्या दाण्याच्या जाडीहून थोडा अधिक असा हा फरक तबकडीच्या रुंदीएवढी चूक घडवितो. छरे पसरतात म्हणून काही चुका माफ होतात हे खरे. परंतु त्या माफीवर विसंबून कोणी नेमबाज झालेला नाही.

दस्त्याची लांबी चापापासून बुडाच्या मध्यापर्यंत मोजतात. कारखान्यातून येणाऱ्या बंदुकांची ही लांबी सामान्यतः १४ ते १४.५ इंच, म्हणजे सुमारे ३५५ ते ३७० मिलिमीटर असते. मध्यम बांध्याच्या प्रौढ पुरुषाला डोळ्यांपुढे ठेवून हे माप ठरविलेले असते. लंडन आणि बर्मिंगहॅम येथील नामांकित कारागीर मात्र शिंप्याप्रमाणे गिऱ्हाइकाची मापे घेऊन दस्ता बनवीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये त्यासाठी सांधे असलेल्या दस्त्याची खास बंदूक निघाली. तिचा दस्ता लांब-आखूड, वर-खाली, डावीकडे-उजवीकडे करता येई, आणि गिऱ्हाइकाच्या अंगाला ती चपखल बसली की त्या मापांवरून अक्रोडाचा दस्ता घडविला जाई. अशा रीतीने तयार झालेली बंदूक पहिल्या धन्याला जितकी अनुरूप, तितकीच ती पुढच्या धन्याला गैरसोयीची ठरण्याचा संभव असे.

भारतात हा प्रश्न विशेषेकरून उद्भवतो तो वारशाने आलेल्या बंदुकांबाबत. आजोबांनी घेतलेली दुनळी बंदूक परवान्याची रीतसर पूर्तता होऊन नातीच्या नावावर येते. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ साली झाला आणि शिकारीचे दिवस संपले. आता तीच बंदूक उडत्या तबकड्यांच्या मैदानावर जाते. या खेळाची परंपरा आपल्या देशाला नवी नाही. बिकानेरचे महाराजा करणीसिंग यांनी १९६२ साली कैरो येथील जागतिक स्पर्धेत ट्रॅप या प्रकारात रौप्यपदक मिळविले, तर राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ साली अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये डबल ट्रॅप या प्रकारात रौप्यपदक पटकाविले. त्यांची नावे ऐकून मैदानावर येणाऱ्या मुलामुलींच्या हाती मात्र पुष्कळदा दुसऱ्याच कोणाच्या मापाची बंदूक पडते.

दस्ता लांब असल्याची लक्षणे ओळखता येतात. बंदूक वर उचलताना बूड काखेत किंवा कपड्यात अडकते. ते खांद्याच्या खोबणीत न बसता बाहेर सरकून दंडावर टेकते, आणि दंडावर निळे डाग उमटतात. चापापर्यंत बोट पोचावे म्हणून नेमबाज मान पुढे ताणतो आणि अंग मागे झुकवितो. वजन टाचांवर गेले की शरीर लक्ष्याबरोबर मोकळेपणे फिरत नाही. स्कीट या प्रकारात तर याची कसोटीच लागते. तेथे तबकडी दिसेपर्यंत दस्त्याचे बूड पोशाखावर कोपराखाली शिवलेल्या पट्टीला टेकवून उभे राहावे लागते, आणि 'सोडा' म्हटल्यावर ० ते ३ सेकंदांच्या आत केव्हाही तबकडी सुटते. मग बंदूक खांद्यावर आणून चाप ओढण्यास जो क्षण मिळतो, त्यात काखेत अडकलेले बूड सोडविण्यास सवड नसते. ट्रॅपमध्ये बंदूक आधीच खांद्याला लावून ठेवता येते. म्हणून तेथे किंचित लांब दस्ता चालून जातो.

याउलट, फार आखूड दस्ताही वाईटच. तेव्हा धक्क्यासरशी अंगठा नाकावर आदळतो आणि बंदूक खांद्यात स्थिर राहत नाही. गाल टेकविल्यावर नाक आणि अंगठा यांच्यामध्ये दोन बोटांइतकी जागा राहिली, तर लांबी बहुधा योग्य समजावी. दस्त्याचे बूड कोपराच्या आतील घडीत ठेवून बोट चापापर्यंत पोचते की नाही हे पाहण्याची जुनी रीत अजूनही प्रचारात आहे, पण ती भरवशाची नाही. तिने मोजला जातो तो केवळ हात. मानेची लांबी, खांद्यांची रुंदी आणि उभे राहण्याची ढब ही त्या मापात कोठेच येत नाहीत. कपड्यांचाही विचार करावा लागतो. दिल्लीच्या तुघलकाबाद मैदानावर जानेवारीत जाड कोट घालून नेम धरणाऱ्याला जो दस्ता लांब वाटतो, तोच मे महिन्यात पातळ सदऱ्यावर बरोबर बसतो. म्हणून ज्या पोशाखात स्पर्धा खेळावयाची, त्याच पोशाखात माप घ्यावे.

लाकूड कापण्यापूर्वी बंदूक रिकामी असल्याची दोघांनी स्वतंत्रपणे खात्री करून घ्यावी. मग डोळे मिटून ती खांद्याला लावावी आणि डोळे उघडावेत. माशी नळीच्या पाठीवर मधोमध दिसली, तर डोळा योग्य जागी आला असे समजावे. हा प्रयोग एकदा नव्हे, वीस-पंचवीस वेळा करावा. त्यानंतर बुडाची रबरी गादी काढून तेथे पातळ चामड्याचा तुकडा बसवावा. एवढ्यानेच लांबी दीड-दोन सेंटिमीटरांनी कमी होते, आणि करवत न लावता आखूड दस्त्याचा अनुभव घेता येतो. अनेकदा एवढ्यावरच काम भागते. गादी पातळ बसविली की लाकडाला हात लावावा लागत नाही.

तरीही कापणे भाग पडले, तर हिशेब नीट करावा. समजा, दस्त्याची लांबी २२ मिलिमीटर जाडीच्या गादीसह ३७० मिलिमीटर आहे, आणि ती ३५० करावयाची आहे. नवी गादी १५ मिलिमीटर जाडीची घेतली, तर कापावयाचे लाकूड २० नव्हे, १३ मिलिमीटर होते. जुनी आणि नवी गादी यांच्या जाडीतील फरक विसरून ज्याने २० मिलिमीटर लाकूड कापले, त्याचा दस्ता ३४३ मिलिमीटरांचा होऊन बसतो. करवतीचा पातेही लाकूड खाते, म्हणून रेषेच्या बाहेरून कापून उरलेले कानशीने उतरविणे हिताचे. शिवाय दोन टप्प्यांत कापावे. पहिला काप ठरविलेल्या मापाहून थोडा कमी घेऊन बंदूक पुन्हा खांद्याला लावून पाहावी. लाकूड कमी करणे सोपे, वाढविणे कठीण.

कुशल कारागीर कापाच्या जागी चिकटपट्टी गुंडाळून तीवर रेषा आखतो, म्हणजे कडेच्या ढलप्या निघत नाहीत. तो बारीक दातांची करवत वापरतो आणि बुडाचा मूळ कल तसाच राखतो. हा कल थोडासा बिघडला, तरी बुडाचे खालचे किंवा वरचे टोक खांद्यात बोचते. स्त्रियांच्या बाबतीत छातीच्या ठेवणीमुळे खालचे टोक अधिक त्रास देते, आणि तेथे कल मुद्दाम बदलावा लागतो. दस्ता बुडाकडे रुंद होत जातो, म्हणून आखूड केल्यावर जुनी गादी त्याच्या बाहेर येते. तीही घासून लाकडाशी एकरेषेत आणावी लागते. उघडे पडलेले लाकूड ओलावा शोषून घेते. त्यावर जवसाचे तेल चोळून ते बंद केल्यावाचून गादी बसवू नये.

एवढे झाल्यावरही काम पुरते संपत नाही, कारण लांबी बदलली की इतर मापेही बदलतात. दस्त्याची वरची कड मागे उतरती असते. दस्ता आखूड झाल्यावर गाल त्या कडेवर थोडा पुढे, म्हणजे अधिक उंच जागी टेकतो. डोळा वर येतो आणि मारा उंच जातो. मागचे वजन घटल्याने नळी जड वाटू लागते. त्यासाठी कापलेली बंदूक मोठ्या कागदावर झाडून छऱ्यांचा ठसा कोठे उमटतो हे तपासावे, आणि गरज पडल्यास वरची कड किंचित उतरवून घ्यावी. एका मापाला हात लावणाऱ्याने सगळ्या मापांची जबाबदारी घेतली पाहिजे.

कायद्याचे भान हवेच. शस्त्र अधिनियम १९५९ मधील सहाव्या कलमाप्रमाणे परवान्यावाचून बंदुकीची नळी आखूड करता येत नाही. अंगाला बसावे म्हणून बुडाचे लाकूड कमी करणे ही वेगळी गोष्ट आहे. पण शस्त्राच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो. म्हणून हे काम परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावे. घरच्या सुतारकामाच्या हौसेला येथे वाव नाही.

कापलेला तुकडा मात्र कोणी फेकू नये. त्यावर बंदुकीचा क्रमांक लिहून तो जपून ठेवावा. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी पुढे आणखी चार बोटे वाढेल. तेव्हा तोच तुकडा, त्याच लाकडाचा आणि त्याच रेषांचा, पुन्हा बसविता येईल. वारशाची बंदूक असेल, तर पुढच्या धन्याला मूळ मापही परत मिळेल. वाडवडिलांच्या वस्तूला करवत लावणे काहींना अप्रशस्त वाटते, आणि ती भावना समजण्यासारखी आहे. पण जी बंदूक केवळ खुंटीवर टांगून पुजली जाते, तिच्यापेक्षा नातीच्या खांद्याला चपखल बसून तबकडी फोडणारी बंदूक आजोबांच्या आठवणीला अधिक जवळची म्हटली पाहिजे. शिकविणाऱ्याने इतकेच करावे: शिष्याच्या नेमाला नाव ठेवण्यापूर्वी मोजपट्टी हातात घ्यावी. अंगण सरळ आहे असे एकदा ठरले, की मग नाचणाऱ्याकडे बोट दाखविण्यास तो मोकळा आहे.