लिटल रॉकची हायस्कुले आणि आपली मुले



आज मी आपल्यापुढे अमेरिकेतील एका शहराच्या हायस्कुलांची हकीकत मांडणार आहे. नुकतीच दीक्षा घेतलेल्या कुटुंबांच्या सभेत परदेशच्या शाळांचे काय काम, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे की, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपल्या लोकांनी धम्मदीक्षा घेतली आणि त्याला वर्ष पुरे झाले नव्हते तोच, त्या शहरात नऊ मुलांना शाळेच्या दारातून आत नेण्यासाठी लष्कर आणावे लागले. परमपूज्य बाबासाहेबांचे या प्रश्नाकडे पूर्वीपासून लक्ष होते. १९४६ साली त्यांनी ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय विद्वानास पत्र लिहून, त्या समाजाने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागविल्या होत्या.

अमेरिकेत शाळांचा कारभार 'शालेय जिल्ह्या'कडे असतो. लोकांनी निवडलेले मंडळ तो चालविते आणि खर्चाचा मोठा वाटा घरजमिनीवरील करातून येतो. आर्कान्सा राज्यातील लिटल रॉक हा असाच एक जिल्हा. तेथे श्वेतांसाठी १९२७ साली सेंट्रल हायस्कूल बांधले गेले, कृष्णवर्णीयांसाठी १९२९ साली डनबार. १७ मे १९५४ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने वर्णावरून वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरविल्या. तेव्हा जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी योजना केली ती अशी की, १९५७ साली सेंट्रलमध्ये मोजकी कृष्णवर्णीय मुले घ्यावयाची. आणि त्याच वर्षी शहराच्या पश्चिमेस, श्रीमंत श्वेतांच्या वस्तीत, हॉल नावाचे नवे हायस्कूल उघडावयाचे, ज्यात एकही कृष्णवर्णीय मूल नाही! समतेचा प्रयोग कामकरी श्वेतांच्या मुलांबरोबर व्हावा आणि धनिकांच्या मुलांना त्याची झळ लागू नये, अशी ही व्यवस्था होती. हॉल हायस्कूलचे हे नाव आपण ध्यानात ठेवावे. पुढे ते पुन्हा येणार आहे.

गुण आणि हजेरी पाहून निवडलेल्या त्या नऊ मुलांना गव्हर्नर फॉबस याने ४ सप्टेंबरला सैनिक उभे करून अडविले. २५ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या लष्कराच्या पहाऱ्यात ती आत गेली. आत गेल्यावरही त्यांना खेळात, गाण्यात, मंडळांत भाग घेण्यास मनाई होती. छळ सोसून मिनिजीन ब्राउन या मुलीने उलट उत्तर दिले, तर फेब्रुवारी १९५८ मध्ये तिला काढून टाकण्यात आले. अर्नेस्ट ग्रीन हा मात्र त्या मे महिन्यात तेथून उत्तीर्ण झाला.

नऊ मुलांची कथा जगास ठाऊक आहे. त्यापुढील वर्षाची कथा फारशी कोणी सांगत नाही, म्हणून ती मी जरा विस्ताराने सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९५८ मध्ये दिरंगाई नाकारताच गव्हर्नरने शहरातील चारही सार्वजनिक हायस्कुले बंद केली. लोकांचे मत घेतले, तेव्हा १९,४७० मते शाळा एकत्र करण्याच्या विरुद्ध आणि ७,५६१ बाजूने पडली. सुमारे ३,७०० मुले घरी बसली. शिक्षक करारात बांधलेले असल्यामुळे रोज रिकाम्या वर्गात जाऊन बसत. फुटबॉलचे सामने मात्र चालू ठेवले होते! श्वेत मुलांपैकी बहुतेकांना खासगी शाळा किंवा परगावचे नातेवाईक सापडले. कृष्णवर्णीय मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना त्या वर्षी कोणतीच शाळा मिळाली नाही. दार सर्वांसाठी सारखेच बंद झाले होते, पण ज्याच्याजवळ पैसा आणि ओळख होती त्याला दुसरे दार होते. मे १९५९ मध्ये ४४ शिक्षक व शाळाप्रमुखांना बडतर्फ करण्याचा घाट घातला गेला, तेव्हा कोठे शहर जागे झाले. त्या मंडळींना लोकांनी मतदानाने खाली उतरविले आणि ऑगस्टमध्ये शाळा उघडल्या.

यापुढील पन्नास-साठ वर्षांचा सारांश थोडक्यात सांगता येतो. न्यायालयाच्या हुकुमाने १९७० नंतर मुले बसगाड्यांतून एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीतील शाळेत जाऊ लागली. श्वेत कुटुंबे हळूहळू खासगी शाळांत आणि शहराबाहेर गेली. शहरात श्वेत आणि कृष्णवर्णीय यांची संख्या फारशी वेगळी नसताना, जिल्ह्याच्या शाळांत श्वेत मुले एकपंचमांशाच्या आसपास उरली. २८ जानेवारी २०१५ रोजी राज्याच्या शिक्षण मंडळाने ५ विरुद्ध ४ मतांनी जिल्ह्याचे निवडलेले मंडळच बरखास्त केले. कारण दिले ते असे की, ४८ शाळांपैकी ६ शाळांत निम्मी मुलेही राज्याच्या परीक्षेत अपेक्षित पातळी गाठत नाहीत. त्या सहांत तीन हायस्कुले होती आणि त्यांतील एक होते हॉल. ज्या शाळेच्या दाराशी एकेकाळी कृष्णवर्णीय मूल येऊ नये म्हणून योजना आखली गेली, तीच शाळा धनिक मुले निघून गेल्यावर नापासांच्या यादीत आली. लोकांना पुन्हा आपले मंडळ निवडण्यास २०२० साल उजाडावे लागले.

या आकड्यांवरून कोणी म्हणेल की, कृष्णवर्णीय मुले आली म्हणून निकाल घसरला. हाच तर्क आपल्याकडे आपल्या मुलांविषयी ऐकू येतो. तो खोटा आहे हे त्याच जिल्ह्याच्या आकड्यांवरून दिसते. सेंट्रलमध्येही त्या वेळी कृष्णवर्णीय मुलेच अधिक होती, तरी ती शाळा यादीत नव्हती. जेथे सुस्थितीतील पालक टिकून राहिले, अनुभवी शिक्षक राहिले आणि वरच्या दर्जाचे वर्ग चालू राहिले, तेथे निकालही टिकला.

परंतु सेंट्रलचा निकाल चांगला म्हणजे तेथील प्रत्येक मुलाचा चांगला, असेही नव्हे. २००७ साली रेनो बंधूंनी त्या शाळेवर एक माहितीपट काढला. त्यात इमारत एकच, पण वरच्या दर्जाच्या वर्गांत बहुतांशी श्वेत मुले आणि साध्या वर्गांत बहुतांशी कृष्णवर्णीय मुले, असे चित्र दिसले. लष्कराने मुलांना दारातून आत नेले; कोणत्या वर्गात बसवावयाचे ते मात्र शाळेनेच ठरविले.

भगिनींनो, आपल्या हायस्कुलांतील 'अ' तुकडी आणि 'ड' तुकडी आपणांस ठाऊक आहेत. 'अ' तुकडीला गणिताचे उत्तम मास्तर, 'ड' तुकडीला जो मोकळा असेल तो. फळ्यावर शाळेचा निकाल शेकडा नव्वद असा लिहिलेला असतो, पण त्या नव्वदांत आपल्या वस्तीची मुले किती, हे फळा सांगत नाही. २०११ च्या जनगणनेत बौद्धांची साक्षरता शेकडा ८१ च्या वर होती आणि साऱ्या देशाची ७३. याचा अभिमान आपण अवश्य बाळगावा. तथापि साक्षरतेच्या आकड्यात शाळा कोणती आणि तुकडी कोणती, याची नोंद नसते.

मोजणीचे महत्त्व आपल्याइतके दुसऱ्या कोणास समजावे? धर्मांतर केलेल्या आपल्या लोकांना केंद्राच्या कायद्याने अनुसूचित जातींत धरले ते १९९० साली. मधल्या चौतीस वर्षांत केंद्राच्या दप्तरी बौद्ध विद्यार्थी त्या रकान्यात नव्हता, आणि ज्याचा रकाना नाही त्याचा निकाल कोण पाहणार? आजही दाखल्यावर धर्म व जात नीट नोंदविण्यात पालक हयगय करतात आणि पुढे शिष्यवृत्तीच्या वेळी धावाधाव होते.

म्हणून माझी विनंती अशी की, शाळा उघडताच प्रत्येक वस्तीतील दोन-तीन पालकांनी, त्यांत एक तरी माता असावी, मुख्याध्यापकांना भेटावे. शाळेत कोणत्या समाजाची किती मुले आहेत, हे यू-डायसच्या शाळापत्रकावर मिळते. उरलेले प्रश्न तोंडी विचारावेत; उत्तर न मिळाल्यास सरकारी व अनुदानित शाळेकडे २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याने लेखी अर्ज करावा. प्रत्येक तुकडीत आपली मुले किती? गणित-विज्ञानाचे शिक्षक त्या तुकडीला पूर्ण वर्ष होते काय? दहावीला बसलेल्यांत आपली किती, उत्तीर्ण किती, आणि त्यांतून विज्ञान शाखेला किती गेली? आणि एक प्रश्न विसरू नये. दहावीचा निकाल चांगला दिसावा म्हणून नववीत किती मुलांना मागे ठेवले आणि किती जणांच्या हाती सतरा नंबरचा फॉर्म दिला? ती नावे आपल्या वहीत उतरवून घ्या आणि त्याच आठवड्यात त्या मुलांच्या घरी जा.

जय भीम.