कांगोरीचा कैदी आणि अलिबागची मुलाखत
(उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)

पत्रिकेवर माझा विषय ‘कायदा आणि नागरिक’ असा भारदस्त छापला आहे. कायदा अफाट आहे आणि या उकाड्यात नागरिक मोजकेच जमलेत, म्हणून मी त्यातला एकच कोपरा घेतो. माणसाला अटक झाली, तर तो नेमका कुठे आहे हे घरच्यांना हेलपाटे न घालता कळलं पाहिजे, आणि त्याला भेटायची सोय तालुक्याच्या गावी असली पाहिजे. सगळी संध्याकाळ मी एवढंच म्हणणार आहे. महाडात हक्कांवर बोलायचं तर १९२७ पासून सुरुवात करायची पद्धत आहे. पण चवदार तळ्याचा इतिहास तुम्हाला मी सांगावा, इतका मी धीट नाही. तो तुम्हाला ठाऊक आहे असं धरून पुढे जातो.

कायद्याबद्दल या बाबतीत फारशी तक्रार करायला जागा नाही. अटकेनंतर चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं, हे संविधानाच्या बाविसाव्या कलमात आहे. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली अटकेचा मेमो, नातेवाइकाला कळवणं, जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात फलक, हे सगळं बांधून दिलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं सदतिसावं कलम आणखी पुढे जातं: प्रत्येक पोलीस ठाण्यात अटकेची माहिती ठेवायला नेमलेला अधिकारी हवा, आणि अटक झालेल्यांची नावं, पत्ते, गुन्ह्याचं स्वरूप दर्शनी भागात लावलेलं हवं. आता प्रत्यक्षाकडे या. आपल्याकडे महाड शहर, महाड तालुका, महाड एमआयडीसी आणि पोलादपूर अशी चार ठाणी. मुलाला कुठल्या ठाण्याने नेलं, हे कुडपणसारख्या लांबच्या गावातल्या आईने कसं ओळखायचं? ती चुकीच्या ठाण्यात जाते, तिथून तिला दुसरीकडे पाठवतात, तोवर त्याला कोर्टात नेलेलं असतं. पोलीस कोठडी संपून न्यायालयीन कोठडी झाली की माणूस पोलिसांकडून कारागृहाकडे जातो, आणि ठाण्यातलं उत्तर बदलतं: ‘आता आमच्याकडे नाही.’ उत्तर खरंच असतं. फक्त त्याच्यापुढचं वाक्य कोणी बोलत नाही. वॉरंटवर कारागृहाचं नाव लिहिलेलं असतं. ते वॉरंट आईच्या हातात नसतं.

माणूस ठेवलाय कुठे हे न कळल्याने काय होतं, याचा दाखला आपल्याच डोंगरात आहे. पिंपळवाडीच्या डोक्यावरचा कांगोरी, म्हणजे मंगळगड. लिंगाण्याच्या कैदखान्याच्या कथा सगळ्यांना पाठ असतात, कांगोरीकडे कोणी वळत नाही. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांचे चुलते चतुरसिंग भोसले पेशवाईविरुद्ध उठले. पेशव्यांच्या त्र्यंबकजी डेंगळ्याने १८१२ च्या सुमारास त्यांना दगाबाजीने पकडलं आणि या कांगोरीवर टाकलं. ते परत आलेच नाहीत. १८१८ साली कैदेतच गेले. पण गंमत पुढे आहे. चतुरसिंग गडावर बंद असताना खाली मुलखात त्यांचं नाव घेऊन एक तोतया उभा राहिला आणि लोक त्याच्यामागे गेले! का जाऊ नयेत? खरा कुठे आहे, जिवंत आहे की नाही, हे सरकारने सांगितलं असतं तर तोतयाचं दुकान चाललं असतं का? त्याच कांगोरीवर १८१७ मध्ये हंटर आणि मॉरिसन हे दोन इंग्रज अधिकारी आणून ठेवले होते. पुढे त्यांना वासोट्यावर हलवलं, आणि एप्रिल १८१८ मध्ये वासोटा पडला तेव्हा ते सुटले. म्हणजे आज या गडावर, उद्या त्या गडावर, ही हलवाहलव तेव्हाही होतीच. अध्यक्ष घड्याळ बघताहेत. कांगोरीला पाच मिनिटं द्यायची ठरवली होती, गड चढायला जास्तच लागली. (हशा)

तर आता आजच्या कैदखान्याकडे, अलिबागला. आपल्या जिल्ह्याचं कारागृह आंग्र्यांच्या हिराकोटात आहे. त्याशिवाय पनवेलकडचं तळोजा मध्यवर्ती. महाडहून अलिबाग शंभर किलोमीटरच्या वर, पोलादपूरच्या वाडीवरून त्याहून लांब. पहाटे एसटी धरायची, वडखळला उतरून अलिबागची गाडी बघायची, एक रोज बुडवायचा, ओळखपत्र विसरलं तर दारातून परत फिरायचं. पदरात पडते ती मोजक्या मिनिटांची मुलाखत. यावर सुशिक्षितांचं तयार उत्तर असतं, ‘ई-मुलाखत आहे ना, मोबाइलवरून अर्ज करा.’ सोय चांगली आहे, मी तिची टिंगल करत नाही. पण त्या अर्जात राज्य आणि कारागृह निवडावं लागतं. जे शोधायचंय तेच आधी माहीत हवं! अमेरिकेत अनेक काउंटी जेल आपल्या बंद्यांची यादी संकेतस्थळावर टाकतात. नाव टाकलं की माणूस तिथे आहे का ते कळतं. कैदी सुटला की पीडिताला आपोआप कळवणारी यंत्रणा केंटकीतल्या लुईव्हिलमध्ये १९९४ साली सुरू झाली. तिकडे आरोपींचे फोटोही झळकतात, ती नक्कल मात्र आपल्याला नको.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. नाव फलकावर लागलं तर निर्दोष माणसाची गावभर बदनामी होईल. होईल. पण महाडच्या बाजारपेठेत बातमी पोहोचायला फलकाची गरज कधी पडली? फलक नसतो तेव्हा बदनामी थांबत नाही, फक्त घरच्यांची माहिती थांबते. फोटो नको, शेजाऱ्यांसाठी तपशील नको. नाव, ठाणं, कोर्ट, कारागृह एवढं पुरे. दुसरा आक्षेप, ‘गुन्हेगारांचे एवढे लाड कशाला?’ २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीत देशातल्या कैद्यांपैकी ७५.८ टक्के कच्चे कैदी होते. म्हणजे चारांतल्या तिघांवर त्या खटल्यात गुन्हा शाबित झालेलाच नव्हता. शिवाय जामीनदार कोण उभा करतो, वकीलपत्रावर सही कोण आणतो? घरचे. भेट तुटली की जामीन झालेला माणूसही आत राहतो आणि त्याचा खर्च तुम्ही-आम्ही भरतो. भेटीत साक्षीदार फोडले जातात, असंही म्हणतात. मुलाखत पहाऱ्यातच होते. ज्याला साक्षीदार फोडायचा आहे त्याला आईची गरज नसते.

चिठ्ठी आली आहे, दोन मिनिटं. समोर वकील मंडळी बसली आहेत, ती मला ‘हे कोर्टाचं काम नव्हे’ म्हणतील, म्हणून आधीच सांगतो. न्यायालयीन कोठडी वाढवताना कैद्याला व्हिडिओवरून कोर्टापुढे हजर करायची तरतूद कायद्यात आहे. न्यायाधीशांना जो चेहरा पडद्यावर दिसू शकतो, तो तालुक्याच्या गावी आठवड्यातून दहा मिनिटं त्याच्या आईला का दिसू नये? समोरासमोरची भेट बंद करा असं मी म्हणत नाही. जिला अलिबाग परवडत नाही तिच्यासाठी एक खोली, एक पडदा, एक कारकून मागतो. महाड आणि पोलादपूरच्या वकिलांनी तसा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे एकत्र द्यावा. मसुदा मी लिहून देईन. तोवर सरपंचांनी एक करावं: १५१०० हा विधी सेवेचा फोन क्रमांक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर रंगवून घ्यावा.