सर्टिफिकेटवर नसलेलं नाव

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



माझ्या केसबद्दल अर्ध्या बिल्डिंगला माहीत आहे आणि उरलेल्या अर्ध्या बिल्डिंगने चुकीचं ऐकलंय, म्हणून बोलते.

फ्लॅट मी आणि दादाने मिळून घेतला. करारनाम्यावर दोघांची नावं. सोसायटी झाली तेव्हा शेअर सर्टिफिकेटवर मात्र एकट्या दादाचं नाव लागलं. "नंतर करू," तो म्हणाला. ते राहिलंच. दादा गेला, नॉमिनी भाचा होता, सोसायटीने नियमाप्रमाणे त्याचं नाव लावलं. तो म्हणाला, "आत्या, तू राहा की इथे, पण घर बाबांचं होतं." ते "राहा की" मला फार लागलं.

मी समजत होते, सर्टिफिकेट म्हणजे मालकी. वकीलबाईंनी समजावलं : ते सभासदत्व दाखवतं. नॉमिनीचं नाव सोसायटीला लावावं लागतं, पण मालक कोण हे दिवाणी न्यायालय ठरवतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली इंद्राणी वाही खटल्यात नॉमिनीबद्दल हाच फरक केला आहे. (तसंच, बायकोला सहयोगी सभासद केलं म्हणजे ती मालक झाली, हाही गैरसमज. आपल्याकडे बरेच आहेत असे!)

मूळ करारनामा दादाच्या कपाटात. पण तो नोंदवलेला होता, म्हणून दुय्यम निबंधकांकडून इंडेक्स टू आणि प्रमाणित प्रत मिळाली. एवढ्यावर भागेल असं वाटलं. समोरून उत्तर आलं, आत्याचं नाव नुसतं सोयीसाठी घातलं होतं, पैसे सगळे बाबांचे.

आता १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात कलम ४५ आहे. दोघांनी आपापले पैसे घालून घर घेतलं, तर ज्याचे जेवढे पैसे तेवढा त्याचा हिस्सा; पुरावाच नसेल तर समसमान धरतात. म्हणजे माझे पैसे दाखवणं आलं. कर्जाचे हप्ते दादाच्या खात्यातून जायचे, मी त्याला दरमहा निम्म्याचा चेक द्यायची. जुनी पासबुकं आईच्या ट्रंकेत, तिच्या नऊवारींखाली सापडली. चार दिवस भिंग घेऊन बसले होते. शाई उडालेली, पण दादाचं नाव आणि रक्कम महिन्यामागून महिना वाचता येत होती.

ती पासबुकं कोर्टात आली तेव्हा भाचा माझ्याकडे बघतच राहिला. तो खोटं बोलत नव्हता हो. दादाने त्याला कधी सांगितलंच नव्हतं. बाहेर आल्यावर म्हणाला, "आत्या, आधी का नाही दाखवलीस?" मी म्हटलं, "तू आधी विचारलंस का?" पुढच्या तारखेला तडजोड दाखल झाली, निम्मं-निम्मं. सर्टिफिकेटवर आता दोघांची नावं आहेत.

आजच्या जेवणाची व्यवस्था त्याच्याकडे आहे. मघापासून मागून खुणा करतोय, पुऱ्या गार होतायत म्हणून. तर चला, पानावर बसू या.