वीतभर पावसाचे झाड

(हीरकमहोत्सवी पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



महोत्सवाच्या व्यासपीठावरून इमारतीचे मजले आणि निकालाची टक्केवारी सांगण्याची रीत आहे. तो हिशेब अहवालात छापलेला आहे आणि अहवाल प्रत्येकाच्या हाती आहे. येथे सांगायची आहे ती चौथीच्या वर्गातल्या एका चित्राची हकिगत.

काही वर्षांपूर्वी पर्यावरणाच्या तासाला वाळवंटाचा पाठ झाला आणि वर्गशिक्षिकेने मुलांना चित्र काढायला सांगितले. अडतीस वह्या जमा झाल्या. सदतीस वह्यांत जवळजवळ एकच चित्र होते: पिवळे टेकाड, उंट, कोपऱ्यात तळपता सूर्य आणि मधोमध दोन हात वर करून उभा असलेला हिरवागार निवडुंग. अडतिसाव्या वहीत मात्र निवडुंग नव्हता. तेथे एक खरबरीत खोडाचे, वरून छाटलेले, बारीक पानांचे झाड होते. खाली दोन शेळ्या आणि बाजरीचे शेत. शिक्षिकेने झाडावर लाल रेघ ओढली आणि शेजारी लिहिले, ‘वाळवंटात निवडुंग असतो. चित्र पुन्हा काढ.’

मुलगा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याची आई शाळेत आली. हे कुटुंब मूळचे आटपाडीकडचे. सोन्याचांदीच्या गलाईच्या व्यवसायात माणदेशातली माणसे हिंदुस्थानभर पसरली, हे येथे जमलेल्या अनेकांना वेगळे सांगायला नको. कित्येकांच्या घरचीच ती कथा आहे. मुलाच्या वडिलांचे दुकान आधी जोधपुरात होते. मुलगा तेथे दुसरीपर्यंत हिंदी माध्यमात शिकला आणि कुटुंब गुजरातेत आल्यावर या शाळेत दाखल झाला. आई तक्रार करायला आलेली नव्हती. वही पुढे करून ती एवढेच म्हणाली, “बाई, पोरानं जे पाहिलं ते काढलंय. चुकलं काय तेवढं सांगा, म्हणजे घरी समजावून सांगता येईल.”

चुकले काय, हे शिक्षिकेला सांगता आले नाही. तिने थर पाहिलेले नव्हते. पाठ्यपुस्तकातला निवडुंग तिने तिच्या शिक्षकांकडून घेतला होता, आणि त्यांनी त्यांच्या शिक्षकांकडून. त्या संध्याकाळी ती ग्रंथालयात बसली आणि जे हाती लागले त्याने तिची झोप उडाली.

दोन हात वर केलेला तो निवडुंग म्हणजे सग्वारो. ॲरिझोना आणि मेक्सिकोचा सोनोरा हे त्याचे घर. ज्या वाळवंटात तो उगवतो तेथे उंट नाहीत आणि जेथे उंट आहेत तेथे तो नाही. तरीही बालचित्रांत दोघे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत आहेत. मुळात निवडुंगांचे सारे कूळ, एखादा अपवाद सोडला तर, अमेरिका खंडांतले आहे. आपल्या बांधावरचा फड्या निवडुंगही परदेशी पाहुणाच. किरमिजी रंग देणारे किडे पोसण्याच्या खटपटीत कंपनी सरकारच्या काळात त्याची मद्रासकडे लागवड झाली होती. थरमध्ये जो काटेरी, मांसल खोडाचा थोर दिसतो तो निवडुंगासारखा दिसतो, पण तो एरंडाच्या कुळातला आहे. मराठीने मात्र दोघांनाही ‘निवडुंग’ म्हणून एकाच पंगतीला बसवले. भाषेला दोष देण्यात अर्थ नाही. पाणी साठवायची गरज सारखी, म्हणून दोन दूरच्या कुळांनी एकच रूप घेतले आणि माणसाचे डोळे फसले.

आणि मुलाने काढलेले झाड? ती खेजडी. राजस्थानने 1983 साली तिला राज्यवृक्षाचा मान दिला. पण शिक्षिकेला खरा धक्का बसला तो पुढच्या ओळीने. खेजडी म्हणजे शमी. दसऱ्याला जिची पूजा होते, जिच्या ढोलीत पांडवांनी शस्त्रे ठेवली असे आजी सांगते, तीच शमी. आपल्या देव्हाऱ्यापर्यंत पोहोचलेल्या झाडावर मराठी शाळेत लाल रेघ ओढली गेली होती.

दुसऱ्या दिवशी तिने ती वही वर्गासमोर धरली आणि सांगितले, “हे चित्र बरोबर आहे. चूक माझी होती.” वर्ग स्तब्ध झाला. नऊ वर्षांच्या मुलांनी शिक्षकाच्या तोंडून हे वाक्य फार वेळा ऐकलेले नसते. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, “पण बाई, तिथे पाऊसच नाही, तर एवढं मोठं झाड जगतं कसं?”

या प्रश्नाचे उत्तर फळ्यावर चार ओळींत लिहिता येते. तिने ते लिहिले नाही. उत्तरासाठी तिने जो महिना खर्च केला, त्याची हकिगत पालकांनी जरा सविस्तर ऐकावी अशी आहे.

प्रथम मुलांनी पाऊस मोजला. भिंतीशी मोजपट्टी लावून वर्षभराच्या पावसाच्या खुणा केल्या. मुंबईची खूण दोन मीटरच्या वर गेली. शिपाईकाकांना स्टुलावर चढावे लागले. जैसलमेरची खूण दोनशे मिलिमीटरच्याही खाली आली. एका मुलीने पंजा फाकवून तेथे ठेवला आणि म्हणाली, “एवढाच? माझी वीतसुद्धा भरत नाही!” त्या भिंतीवर तिच्या हाताचा ठसा पुढे रंगकाम होईपर्यंत होता.

मग तळ कापलेल्या दोन बाटल्या उलट्या टांगून, तोंडाला फडके बांधून, एकीत वाळू आणि दुसरीत मैदानातली काळी माती भरली. दोन्हींत एक एक पेला पाणी ओतले. वाळूतून धार लगेच सुटली. मातीतून थेंब यायला वेळ लागला आणि बरेचसे पाणी आलेच नाही. “वाळूला पाणी धरवत नाही,” हे वाक्य मुलांनी स्वतः तयार केले. पाणी खाली निघून जाते, तर झाडाने काय करावे? त्याच्या मागे खाली जावे. खेजडीची मुळे तीस मीटरपेक्षा खोल गेल्याच्या नोंदी आहेत. तीस मीटर म्हणजे किती, हे नऊ वर्षांच्या मुलाला आकड्यावरून कळत नाही. म्हणून सुतळी मोजून घेतली आणि एका मुलाला प्रवेशद्वारापाशी झाड म्हणून उभे केले. त्याचे ‘मूळ’ घेऊन बाकीचे निघाले ते मैदान ओलांडून पाण्याच्या टाकीपर्यंत पोहोचले. तेथे योगायोगाने नळ होता. त्या क्षणी उठलेला आरडाओरडा ऐकून शेजारच्या वर्गातली गणिताची परीक्षा थांबवावी लागली, याबद्दल त्या वर्गाच्या शिक्षकांची नाराजी आजही पूर्ण गेलेली नाही.

पानांचा पाठ दोन हातरुमालांनी शिकवला. दोन्ही सारखेच भिजवले, एक दोरीवर पसरला, दुसरा गुंडाळी करून शेजारी टांगला. मधल्या सुट्टीनंतर पसरलेला कोरडा खडखडीत, तर गुंडाळलेल्याच्या पोटात ओल. पान मोठे असले की ऊन आणि वारा त्यातले पाणी अधिक ओढून नेतात. म्हणून वाळवंटातले झाड पान बारीक करते, गरज पडली तर गाळून टाकते. केराच्या झुडपाने तर पानांचा नादच जवळजवळ सोडला आहे. त्याच्या हिरव्या फांद्याच अन्न तयार करतात. आपल्या माळरानावर त्याला नेपती म्हणतात. मेथीची जुडी आणि कोरफडीचे पान शेजारी ठेवले, तेव्हा मेथीने दुपारीच मान टाकली. कोरफडीचे पान पुढच्या आठवड्यातही ताठ होते. ते सोलल्यावर मात्र दोन दिवसांत आक्रसले. साल कशासाठी, हे मग कोणी विचारले नाही.

थोर आणि निवडुंग यांतला फरक शिक्षिकेने स्वतः दाखवला. थोराचा चीक डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते. म्हणून हातमोजे घालून, मुलांना दूर बसवून तिने कुंडीतल्या दोन्ही झाडांना टाचणी टोचली. थोरातून पांढरा दुधासारखा चीक आला, फड्या निवडुंगातून नाही. पालकांनी हा प्रयोग घरी मुलांच्या हाती देऊ नये.

सगळेच प्रयोग साधले असे नाही. शमीच्या बिया मिळवून, रात्रभर भिजवून प्रत्येकाने एक एक पेरली. कोंब बऱ्याच बियांना आले. पण मुलांचे प्रेम अनावर. सकाळी पाणी, मधल्या सुट्टीत पाणी, घरी जाताना पाणी. पंधरवड्यात बहुतेक रोपे बुडाशी कुजून आडवी झाली. वीत न भरलेली ती मुलगी रडली. दुष्काळात तगणारे झाड लाडाने मेले, हे तिला पटेना. जोधपूरहून आलेल्या त्या मुलाने तिला आपल्या कुंडीतले रोप दाखवले. तो मधल्या सुट्टीत खेळायच्या नादात पाणी घालायला विसरत असे. त्याचे रोप जिवंत होते.

याच काळात त्याची आई पुन्हा एकदा शाळेत आली. या वेळी हातात डबा होता. केर, सांगरी, कुमटिया अशी पाच वाळवणे एकत्र करून मारवाडात पंचकुटा नावाची भाजी करतात. ती जोधपूरच्या शेजारणीकडून शिकली होती. सांगरी म्हणजे खेजडीच्या कोवळ्या शेंगा. ऐन उन्हाळ्यात, जेव्हा शेतात काही नसते, तेव्हा ही झाडे पालवतात आणि फळतात. म्हणून दुष्काळात त्यांनी माणसे जगवली. मुलांनी भाजी चाखली. अर्ध्यांनी नाके मुरडली, अर्ध्यांनी डबा पुसून घेतला. त्याच तासाला शिक्षिकेने खेजडली गावाची कथा सांगितली. जोधपूरच्या महाराजांची माणसे 1730 साली खेजड्या तोडायला आली, तेव्हा अमृतादेवी बिश्नोई आणि तिच्या मुली झाडांना मिठी मारून उभ्या राहिल्या. त्या दिवशी एकूण 363 बिश्नोईंनी प्राण दिले, असे परंपरा सांगते. ही कथा नऊ वर्षांच्या मुलांना सांगावी की नाही, यावर शिक्षकदालनात बरीच चर्चा झाली होती. सांगितली ते योग्यच झाले. मात्र ती सुतळीच्या आणि भाजीच्या आधी सांगितली असती, तर मुलांसाठी ते झाड एक नाव एवढेच राहिले असते.

शिपाईकाका कच्छचे. हे सारे पाहून ते एके दिवशी म्हणाले, “बेन, आमच्याकडच्या गांडा बावळाबद्दलही सांगा पोरांना.” गांडो बावळ म्हणजे वेडी बाभूळ, विलायती बाभूळ. खेजडीची ही अमेरिकेतून आणलेली नातलग. वाळवंट पुढे सरकू नये म्हणून सरकारने बन्नीच्या गवताळ प्रदेशात 1960च्या दशकात ती लावली आणि पाहता पाहता तिने गवत गिळले. काकांच्या लहानपणी जेथे म्हशी चरत, तेथे आज काटे आहेत. त्याच काट्यांचा कोळसा करून कित्येक घरांची चूल पेटते, हेही त्यांनी सांगितले. मुले गोंधळली. झाड चांगले की वाईट? शिक्षिकेने निकाल दिला नाही. जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी 2006पासून ही बाभूळ काढण्याचे काम झाले, तेव्हा खडकात घुसलेली मुळे कोरून काढायला दगडाच्या खाणींत काम करणारे खंडवालिया बोलवावे लागले. आज तेथे राव जोधा उद्यानात थरची मूळची झाडे उभी आहेत. एवढे सांगून तिने तास संपवला.

आता हिशेबाचा भाग. दोन तासांचा पाठ महिनाभर चालला. परिणामी पर्वतांचा पाठ घाईने उरकला गेला आणि घटक चाचणीत त्या प्रश्नाला वर्गाचे गुण कमी पडले. गणवेशांवर चिखल आला. त्याबद्दल काही पालकांनी चिठ्ठ्या लिहिल्या आणि त्या चिठ्ठ्या रास्त होत्या. प्रत्येक पाठ असा शिकवता येणार नाही, तेवढे दिवस वर्षात नाहीत. पण वर्षाकाठी एक पाठ असा शिकवायचा, असे शाळेने त्यानंतर ठरवले आहे, आणि तो कोणता हे मुलांच्या प्रश्नावर सोडले आहे.

तो मुलगा सातवीत असताना वडिलांचे दुकान दक्षिणेकडे हलले आणि त्याचा दाखला निघाला. जाताना त्याने आपली कुंडी शाळेत ठेवली. शिपाईकाकांनी ते रोप प्रवेशद्वाराजवळ जमिनीत लावले. सुरुवातीची दोन वर्षे ते जेमतेम गुडघ्याएवढे राहिले. वाढत नाही म्हणून ते काढून तेथे गुलमोहर लावण्याची सूचना आली होती. ते खाली वाढते आहे, असे तेव्हाच्या चौथीच्या मुलांनी अर्जात लिहून कळवले. आज ते खांद्याएवढे आहे. दसरा जवळ आला की मुले त्याच्याभोवती सुतळी बांधून पाटी लावतात: ‘अजून लहान आहे. पाने तोडू नयेत.’