मुक्काम, पोस्ट आणि फेसबुक

आज आपल्याशी बोलावयाचे आहे ते पत्त्याविषयी. पत्ता म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पोस्टकार्डाची उजवी बाजू येते. मु., पो., ता., जि. ही आद्याक्षरे ग्रामीण महाराष्ट्राने इतकी अंगवळणी पाडून घेतली आहेत की त्यांचा अर्थ कुणाला सांगावा लागत नाही. राहण्याचे ठिकाण तो मुक्काम. पत्र ज्या गावच्या टपाल कचेरीत येते ते पोस्ट. वाडी एक, पोस्ट दुसरे आणि आठवड्याच्या बाजाराचे गाव तिसरेच, असा संसार आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी असतो. टपालवाल्याची यात कधी अडचण झाली नाही; कारण तो माणूस होता, आणि बहुधा त्याच भागातला होता.

आता ह्या पत्त्याला नवे वाचक मिळाले आहेत. फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप आणि गुगलचा नकाशा. लाकडी घाण्यावर तेल काढणारा, गुऱ्हाळवाला, रोपवाटिका चालविणारा शेतकरी, पापड-मसाले करणारा महिलांचा बचत गट, ही सारी मंडळी आपल्या धंद्याचे ठिकाण तेथे नोंदवू लागली आहेत. नोंदवायला पैसा पडत नाही. आणि जो धंदा तेथे नाही तो शहरातल्या गिऱ्हाइकाच्या दृष्टीने जवळजवळ नाहीच, अशी आज स्थिती आहे. ती चांगली की वाईट हा वाद मी येथे घालीत नाही.

आमच्या कॉलेजच्या गावापासून काही कोसांवर, एका वाडीत असाच एक घाणा आहे. शेंगदाणा, करडई, खोबरे यांचे तेल. मालकाने सोसायटीचे कर्ज काढून शेंग भरली, आणि पुतण्याने फेसबुकवर धंद्याचे पान काढले. पत्त्याच्या रकान्यात गाव लिहू लागताच यंत्राने गावांची यादी पुढे केली. तीत वाडीचे नाव नव्हते. मग त्याने तालुक्याचे गाव निवडले. झाले! नकाशावरची खूण तालुक्याच्या एस.टी. स्टँडापाशी जाऊन बसली. दिवाळीच्या तोंडावर शहरातून गाड्या करून लोक आले, स्टँडाभोवती दोन फेऱ्या मारल्या, फोन लावला. तर घाण्याच्या घरघरीत फोन कुणाला ऐकू येईना. लोक परत गेले, आणि जाताना दोघांनी पानावर शेरा मारला की असे दुकानच येथे नाही. इकडे मालक म्हणतोय, यंदा तेल इतके चांगले उतरले, मग गिऱ्हाईक गेले कुठे? व्याज तर चालूच होते.

हे असे का होते? कारण अगदी साधे आहे. माणूस पत्ता वाचतो तो शब्दांनी: वडापासून उजवीकडे, मारुतीच्या देवळामागे. यंत्राला समजतात ते दोन आकडे, अक्षांश आणि रेखांश. तुम्ही लिहिलेले शब्द ते त्या दोन आकड्यांत बसवू पाहते, आणि जेथे शब्द कळत नाहीत तेथे जवळच्या मोठ्या गावाचा मध्य धरून मोकळे होते. मुक्काम आणि पोस्ट यांतला फरक त्याला कुणी शिकविलेला नाही.

शिक्षकबंधूंनी व भगिनींनी हे वर्गात फळ्यावर मांडावे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर सुमारे १११ किलोमीटर. दशांशचिन्हानंतरचा दुसरा आकडा एकाने बदलला तर खूण सुमारे एक किलोमीटर सरकते. पाचवा बदलला तर जेमतेम एक मीटर. फलटणच्या आसपास अक्षांश सुमारे १८ आणि रेखांश सुमारे साडेचौऱ्याहत्तर. हेच आकडे कुणी उलटसुलट लिहिले, तर फलटणचे दुकान जाते थेट नॉर्वेच्या उत्तरेला, थंडगार समुद्रातल्या बेअर बेटाजवळ! मुले हसतील, पण आकड्यांचा क्रम विसरणार नाहीत.

नावांचा घोटाळा तर आपल्याकडे पिढीजात आहे. एकट्या पुणे जिल्ह्यात तळेगाव दाभाडे आणि तळेगाव ढमढेरे. एक मावळात, दुसरे शिरूर तालुक्यात, म्हणजे पुण्याच्या दोन निरनिराळ्या दिशांना. वडगाव आणि पिंपळगाव किती, ते मोजायला बसू नये. शिवाय बुद्रुक आणि खुर्द आहेतच. हीच अडचण ओळखून टपाल खात्याने १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा आकडी पिन कोड सुरू केला. त्यामागे होते श्रीराम भिकाजी वेलणकर. मूळचे कोकणातले, खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे नामांकित कवी. आपल्या राज्याचे पिन ४ ने सुरू होतात, आणि शेवटचे तीन आकडे टपाल कचेरी सांगतात. म्हणजे पिन कोड तुम्हाला कचेरीपर्यंत नेतो. एका कचेरीखाली दहा वाड्या असल्या तर पुढचे काम पुन्हा टपालवाल्याचेच. (पिन हा शब्दही आता तीन ठिकाणी आला: टपालाचा पिन निराळा, नकाशावर टोचतात ती पिन निराळी, आणि बँकेच्या कार्डाचा पिन तर तिसराच. तो मात्र कुणालाही सांगू नका, बरं का!)

मग खूण बरोबर बसवावी कशी? रकान्यात जवळचे गाव निवडावे लागले तरी चालेल; पण त्याखाली जो नकाशा दिसतो त्यावरची खूण बोटाने ओढून आपल्या दारात आणून सोडावी. पाने भरताना पुष्कळ जण नेमके हेच करीत नाहीत. फोनला आपले ठिकाण विचारायचे असेल तर पत्र्याच्या शेडमध्ये उभे राहून विचारू नये. अंगणात यावे, डोक्यावर मोकळे आकाश असावे, आणि मिनिटभर थांबावे. मोकळ्यावर चांगला फोन पाचएक मीटरपर्यंत बरोबर सांगतो. पत्र्याखाली किंवा दाट झाडीत तो चाचपडतो. घाणेवाल्याच्या पुतण्याने अखेर हेच केले, आणि पानावर दोन ओळी माणसांसाठीही लिहिल्या: वाडीच्या पाटीपाशी डावीकडे वळा, विहिरीनंतरचे दुसरे घर. यंत्रासाठी आकडे आणि माणसासाठी विहीर, दोन्ही हवीत.

धंद्याचे नाव सगळीकडे एकाच रीतीने लिहावे. फेसबुकवर एक आणि गुगलच्या नकाशावर दुसरे असे झाले की ते दोन धंदे ठरतात. देवनागरी आणि रोमन दोन्ही लिप्यांत नाव द्यावे; फक्त रोमन लिपीत ‘घाणा’ लिहिलेत तर शोधणाऱ्यापुढे आफ्रिकेतला घाना देश उभा राहण्याची भीती आहे. जिल्ह्यांची नावेही तपासून घ्यावीत. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले, २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. पण जुन्या पानांवर जुनीच नावे राहून गेली आहेत.

आता एक गोष्ट विशेष करून भगिनींसाठी. दुकान आणि घर निराळे असेल तर खूण बेलाशक द्या. पण स्वयंपाकघरातच मसाला होतो, घरात बहुधा एकट्या बायका असतात, अशा ठिकाणी घराची नेमकी खूण जगाला दाखविण्याचे कारण नाही. फेसबुकचे पान पत्त्याशिवाय चालते. गुगलवरही पत्ता झाकून, आम्ही अमुक अमुक गावांत माल पोचवतो, एवढेच सांगण्याची सोय आहे. धंद्याचा फोन नंबर घरच्या नंबराहून वेगळा ठेवावा, आणि भेटण्याची जागा म्हणून गटाची बैठक जेथे भरते ते ठिकाण सांगावे.

पान कुणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न त्याहून अवघड. पान बहुतेक वेळा घरातला शिकलेला मुलगा काढतो, स्वतःच्या खात्यावरून. पुढे तो नोकरीला पुण्या-मुंबईस जातो, फोन बदलतो, परवलीचा शब्द विसरतो. आणि दुकान हलले तरी खूण हलवणारे कुणी उरत नाही. म्हणून पानाचे व्यवस्थापक निदान दोघे असावेत, आणि त्यांपैकी एक ज्याचा धंदा तोच असावा. वाचता येत नाही ही सबब येथे चालू देऊ नये. सहीच्या कागदाइतकेच हे महत्त्वाचे आहे.

लबाडीही ह्याच वाटेने येते. २०१८ साली उघडकीस आले की ठकांनी नकाशावर एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखांपुढे स्वतःचेच फोन नंबर घालून ठेवले होते. लोकांनी बँक समजून फोन केला आणि कार्डाचे आकडे सांगून टाकले. महाराष्ट्राच्या सायबर पोलिसांकडे त्याच्या तक्रारी गेल्या. गुगलच्या नकाशावर कुणीही परका माणूस बदल सुचवू शकतो. दुकान कायमचे बंद झाले, असेसुद्धा. म्हणून आपली नोंद आपण हक्काने आपल्या नावावर करून घ्यावी. त्यासाठी ते लोक दुकानाची पाटी, समोरचा रस्ता आणि आतली यंत्रे दिसतील असे चित्रीकरण मागतात, तर कधी फोनवर खात्री करतात. पैसे मात्र मागत नाहीत. ‘गुगलमधून बोलतोय, नोंदणीचे अमुक हजार भरा,’ असा फोन आला तर तो खाली ठेवावा. मोबाईलवर आलेला ओटीपी सांगू नये. फसवणूक झालीच, तर १९३० ह्या क्रमांकावर वेळ न दवडता कळवावे. उशीर झाला की पैसे हातचे जातात.

टपाल खात्यानेही २०२५ मध्ये डिजिपिन नावाची नवी रीत आणली आहे. देशाची सारी जमीन सुमारे चार मीटर लांब-रुंद चौकोनांत विभागून प्रत्येक चौकोनाला दहा चिन्हांचे नाव दिले आहे. त्यात माणसाचे नाव नसते, फक्त जागा असते. वाडीतल्या घरालाही अशी खूण मिळते.

शिक्षकांना एक काम सुचवितो. आठवी-नववीच्या मुलांना गावातील दवाखाना, रेशन दुकान, पिठाची गिरणी आणि दूध डेअरी नकाशावर शोधावयास सांगा. चुकलेल्या खुणांची यादी करा, आणि ज्याची त्याला दाखवा. सुरुवात आपल्या शाळेपासून करावी. शाळेची खूण शाळेवरच आहे की शेजारच्या बुद्रुकवर गेली आहे, तेवढे उद्या मधल्या सुट्टीत पाहून घ्या.